एका टेबलावर दोन कागद

आमच्या घरात गेले दोन महिने एक खटला चालू आहे. फिर्यादी माझा मुलगा, आरोपी माझी नात आणि न्यायाधीशपदी माझी नेमणूक झालेली. मानधन नाही, चहा तेवढा वेळेवर मिळतो.

नात सातवीत आहे. तिच्याकडे दहा इंची टॅब्लेट आहे. कोरोनाच्या वर्षी शाळा घरात शिरली तेव्हा पहिला घेतला होता, तो पडून फुटला, हा दुसरा. आरोप असा की, ती त्या पाटीचे उभे दोन भाग करून अभ्यासाला बसते. डाव्या भागात इतिहासाचा धडा आणि उजव्या भागात आणखी काहीतरी. त्या उजव्या भागात कधी शब्दकोश असतो, कधी तिची स्वतःची टिपणं असतात आणि एका संध्याकाळी तिथे एक मांजर पियानो वाजवत होतं. त्या मांजरावरून सगळं पेटलं.

"ही सोय मुळात दिलीच कशाला?" मुलाचा सवाल. "टॅब्लेट म्हणजे पुस्तकासारखी वस्तू. एका वेळी एक पान. दोन-दोन ॲप शेजारी शेजारी चालवायची तर त्यासाठी लॅपटॉप आहेत की!" हे सांगणारे चिरंजीव स्वतः ऑफिसात दोन मॉनिटर लावून काम करतात, हे मी मनातल्या मनात रेकॉर्डवर घेतलं.

"आजी, तू बँकेत होतीस ना? तुझ्या टेबलावर एका वेळी एकच कागद असायचा का गं?" नातीनं उलटतपासणी सुरू केली.

तिनं विचारलं गमतीनंच. पण तिच्या प्रश्नासरशी मला जे टेबल आठवलं ते जव्हारचं होतं, आणि त्या टेबलाची गोष्ट मी घरात कधी कुणाला सांगितलेली नव्हती.

१९८६ साली मला बढती मिळाली आणि बढतीबरोबर जव्हार मिळालं. तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. पालघर जिल्हा व्हायला १ ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला. 'ठाण्याचं महाबळेश्वर' असं लोक कौतुकानं म्हणायचे, आणि हवा होतीही तशीच. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, १९१८ सालची जुनी नगरपालिका, संध्याकाळी दरीतून वर येणारं धुकं. मात्र गावाची वेस ओलांडली की दुसरा मुलूख लागायचा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. भात, नागली, वरई. आणि दिवाळी झाली की अर्धा पाडा घराला कुडाचं दार लावून वीटभट्टीवर निघालेला. तिकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो नीट कळला नव्हता.

बँकेचं काम तेव्हा सगळं कागदावर. तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पैसे काढायची पावती काउंटरवर आली की कारकून पितळी टोकन द्यायचा, लेजरमध्ये खातेदाराचं पान उघडून रक्कम नावे टाकायचा आणि लेजर व पावती माझ्या टेबलावर यायची. मी नमुना सह्यांचं कार्ड काढायचं, पावतीवरची सही कार्डाशी ताडायची, कार्डावरचा खातेक्रमांक लेजरच्या पानाशी ताडायचा, मग लेजरमध्ये आद्याक्षरी करून पावती रोखपालाकडे पाठवायची. म्हणजे एका माणसाला पन्नास रुपये द्यायला टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी लागायचे. सही येत नसेल तर कार्डावर फोटो आणि अंगठा. आमच्या शाखेत अंगठेच जास्त.

कार्डांचं कपाट माझ्या टेबलापासून सहा-सात पावलांवर होतं. नियमानं कार्ड काढून टेबलावर आणायचं. पण मे महिना, लग्नसराई, बाजाराचा दिवस आणि जाळीपलीकडे दाटलेली गर्दी. मी कपाटापाशीच कार्ड बघायची, ते मनात धरायची आणि परत येऊन आद्याक्षरी करायची. असं किती वेळा केलं असेल देव जाणे. एकदा अंगावर आलं.

एकाच नावाच्या दोन बायका होत्या. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. पाडे मात्र वेगवेगळे. कारकुनानं चारशे रुपये चुकीच्या पानावर नावे टाकले. मी कपाटापाशी कार्ड पाहिलं, फोटोतली बाई समोर उभी होती, अंगठा जुळला. परत आले, लेजरवर नाव वाचलं, नाव जुळलं. क्रमांक ताडला नाही, कारण क्रमांक कपाटातल्या कार्डावर होता आणि मी सहा पावलं चालून येईपर्यंत डोक्यात फक्त नाव उरलं होतं.

दुसरी बाई जूनच्या सुरुवातीला आली, बियाण्याचे पैसे काढायला. खात्यात जवळजवळ काही नव्हतं. वीटभट्टीवरून आणलेले पैसे तिनं घरात राहिले तर उडतील म्हणून बँकेत ठेवलेले. मी तिला चौकशी करू, परवा या, म्हणून सांगितलं. तिकडच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च. जाळीला धरून ती मला म्हणाली, "बाय, तू माजा फोटू बघलास नाय का?"

पुढे नोंद सापडली, मी पगारातून चारशे रुपये भरले, खातं जुळलं, हेड ऑफिसला पत्र गेलं. बँकेच्या भाषेत प्रकरण मिटलं. तिला मात्र तीन खेपा पडल्या आणि तिचा पाडा एसटीच्या रस्त्यापासून दोन तास चालीवर होता.

यंत्रं आली ती त्यानंतर. १९८४ च्या रंगराजन समितीनं बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा घातला आणि पुढच्या काही वर्षांत शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. माझ्या पुढच्या शाखेत ते आलं तेव्हा आम्ही नारळ फोडला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि एका वेळी एकच खातं. दुसरं पाहायचं तर पहिलं बंद करा. महिन्याभरात त्या पडद्याची चौकट पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्यांनी भरून गेली. एका खात्यातला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, ती कडेला चिकटवायची, मग दुसरं खातं उघडायचं. साहेब लोक त्या चिठ्ठ्या काढायला लावायचे, पडदा घाण दिसतो म्हणून. आज विचार करते तेव्हा वाटतं, नातीच्या टॅब्लेटचा उजवा अर्धा भाग म्हणजे आमच्या त्या चिठ्ठ्याच.

पडद्याचे दोन भाग करण्याची कल्पना काही आजची नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट या संशोधकानं जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दाखवलं त्यात माउस तर होताच, शिवाय एकाच पडद्यावर मजकूर आणि त्याच्या शेजारी दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा होता. १९८५ साली मायक्रोसॉफ्टनं पहिलं विंडोज बाजारात आणलं, त्यातल्या खिडक्या एकमेकींवर चढतच नसत. फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसत. म्हणजे टेबलावरच्या संगणकाला हे सुरुवातीपासून ठाऊक होतं. ते विसरलं गेलं २०१० साली, ॲपलचा आयपॅड आला तेव्हा. एक काच, तिच्यावर एक ॲप, बाकी काही नाही. त्या वेळी ते लोकांना आवडलंही. संगणकाला घाबरणारी माझ्या वयाची कितीतरी माणसं त्या एकाच पानामुळे धीट झाली. मुलाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, तो असा.

मग हळूहळू एकेकानं दुसरा कागद टेबलावर ठेवायला सुरुवात केली. २०१२ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट १०.१ या टॅब्लेटवर दोन ॲप शेजारी चालू लागली, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या सरफेसवरही. ॲपलनं सप्टेंबर २०१५ पर्यंत वाट पाहिली, आणि तेव्हाही पडदा निम्मा-निम्मा करायची सोय सगळ्या आयपॅडना दिली नाही. आयपॅड एअर २ आणि त्याच्या पुढच्यांनाच दिली. कारण सरळ होतं. पहिल्या आयपॅडची कामाची मेमरी २५६ एमबी होती, एअर २ ची २ जीबी. अँड्रॉइडनं २०१६ मध्ये ही सोय आपल्या मूळ प्रणालीतच घातली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आयपॅडवर खिडक्या हव्या तेवढ्या, हव्या त्या आकाराच्या करता येऊ लागल्या. पंधरा वर्षांत गाडी पुन्हा १९८५ च्या पलीकडे येऊन उभी राहिली.

आपल्याकडेही एक पाटी निघाली होती. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारनं 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला. सात इंची पडदा आणि २५६ एमबी मेमरी. हेतू उत्तम होता. पण तेवढ्याशा टेबलावर एक कागद पुरता मावायची मारामार, तिथे दुसऱ्याचं नाव कोण काढणार?

मेमरीचं हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण खरा पेच तिथेच आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर फोटो, पुस्तकं, ॲप ज्यात साठवतो ती साठवण म्हणजे कपाट. आणि रॅम म्हणजे टेबल. टेबल लहान असेल तर दुसरा कागद ठेवताना पहिला खाली पडतो. फोनमध्येही तेच होतं. तुम्ही एक अर्ज भरता भरता दुसरं ॲप उघडता, परत येता, आणि अर्ज कोरा! फोननं जागा करण्यासाठी पहिलं ॲप गुपचूप बंद केलेलं असतं. मुंबईत बसून असं झालं तर आपण चरफडतो आणि पुन्हा भरतो. मोखाड्यात काय होतं ते मी गेल्या डिसेंबरात पाहिलं.

जव्हारच्या आमच्या शाखेतले दप्तरी काका आता थकले आहेत. त्यांना भेटायला गेले होते. नाशकाहून त्र्यंबकमार्गे मोखाड्याचा घाटरस्ता धरला. तो तालुका डोळ्यांपुढून सरकताना दर वेळी मनात एकच येतं, की याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणाचं धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि मार्च उलटला की इथल्या पाड्यांवर टँकर येतात. असो, तो निराळा लेख होईल.

काकांची सून अंगणवाडी सेविका आहे. मी पोचले तेव्हा वजनं चालू होती. भिंतीवर वारली चित्रं: लग्नाचा चौक, त्याच्या बाजूला शेत, वर तारप्याभोवतीचा नाच, कोपऱ्यात पाणी आणणाऱ्या बायका, सगळं एकाच भिंतीवर एकाच वेळी चाललेलं. भिंतीखाली लोंबत्या काट्यात एक पोर भोकाड पसरून बसलं होतं. सेविकेच्या एका हातात फोन आणि मांडीवर एक फुलस्केप वही.

"मॅडम, तू बस जरा. हा एक राहिलाय." सासऱ्यांचं ऐकून तीही मला मॅडमच म्हणते, आणि 'तू'ही म्हणते. दोन्ही एका वाक्यात ऐकायला मला फार आवडतं.

वही तिची स्वतःची होती. तिला ती कुणी दिलेली नव्हती, कुणी मागितलेलीही नव्हती. उभ्या रेघा मारून बारा महिन्यांचे बारा रकाने, आडव्या ओळीत पोराचं नाव. बोट ठेवलं की जून, जुलै, ऑगस्ट अशी वजनं एका ओळीत दिसायची. मी विचारलं, फोनमध्ये सगळं असताना ही कशाला? ती म्हणाली, "फोनात मागचं बघाया गेलं की पुढचं जातं."

त्या पोराचं वजन त्या दिवशी जे भरलं ते एकटं पाहिलं तर घाबरण्यासारखं नव्हतं. वाढीच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि त्याखालचा नारिंगी असे पट्टे असतात. हे पिवळ्यात होतं. पण वहीतल्या ओळीवर बोट फिरवलं तेव्हा दिसलं की, सलग तीन महिने आकडा जागचा हललेला नाही. पोरं वाढत असतात. ज्याचं वजन थांबलं ते घसरणीला लागलेलं असू शकतं. एका महिन्याचा आकडा हे सांगू शकत नाही, मागचा शेजारी ठेवला तरच कळतं. तिनं लगेच दंडाला फीत लावली, आईला दोन प्रश्न विचारले, आणि आरोग्य केंद्रात न्यायचं ठरलं. मग फोन घेऊन ती पाठीमागच्या टेपावर गेली, कारण रेंज तिथेच येते. अर्ज भरत असताना पर्यवेक्षिकेचा निरोप आला, यादीतलं एक नाव तपासा म्हणून. ती निरोपात गेली, नाव पाहिलं, परत आली. अर्ज कोरा. उन्हात उभं राहून तिनं तो पुन्हा भरला. चिडली वगैरे नाही. रोजचंच असावं.

२०२१ सालची बातमी काही वाचकांना आठवत असेल. केंद्र सरकारनं त्या वर्षी 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आणलं, आणि ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. तक्रारी दोन होत्या. ॲप इंग्रजीत, आणि २ जीबी मेमरीच्या फोनला ते पेलवत नाही. शहरात तेव्हा पुष्कळांना वाटलं, बायकांना शिकायला नको. मलाही, खरं सांगायचं तर, थोडंसं तसंच वाटलं होतं. टेपावरचा तो कोरा अर्ज पाहिल्यावर ते मागे घ्यावं लागलं. ॲप आता मराठीतही आहे. टेबलाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

आणि टेबल मोठं झालं तरी सगळे कागद हाताशी असतात असं कुठे आहे? १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखून नोंद करणं सक्तीचं झालं, आणि त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. सेविका हसत हसत सांगत होती, बाई समोर, पोर कडेवर, आणि ओटीपी गेला भिवंडीला! कारण फोन घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा भट्टीवर. मग भट्टीवर फोन लावायचा, त्यानं आकडे वाचून दाखवायचे, हिनं इकडे घालायचे, तेही रेंज दोन्हीकडे एकाच वेळी असली तर.

पोरं आईबापांबरोबर जगायला गेली की त्यांचं नाव एका अंगणवाडीत आणि वजन दुसरीकडे, अशी स्थिती होते. हे सरकारच्या ध्यानात नाही असं नव्हे. २०२१ च्या अखेरीस राज्यानं स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था काही जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू केली, त्यात पालघर होता. दोन गावच्या नोंदी एकमेकींशेजारी आणायच्या, एवढंच तिचं काम. फार मोठं काम आहे ते.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली आणि महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, पत्रकार आले, पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय झालं. मी तोवर बदलून गेले होते. वर्तमानपत्रात ती दोन नावं वाचली आणि पोटात गोळा आला, कारण ती नावं माझ्या हातच्या रजिस्टरात होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातली शेळ्यांची कर्जं. हप्ते थकलेले. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: 'कुटुंब स्थलांतरित', 'शेळ्या विकल्या', 'वसुली अशक्य'. ज्या घरानं शेळी विकली त्या घरात काय शिजत असेल हा प्रश्न त्या रकान्यात बसत नव्हता. पोरांची वजनं दुसऱ्या खात्याच्या रजिस्टरात, दुसऱ्या इमारतीत. ती इमारत आमच्या शाखेपासून चालत दहा मिनिटांवर होती. दोन्ही रजिस्टरं एका टेबलावर ठेवून पाहायची कल्पना कुणाला सुचली नाही. मलाही नाही. सुचती तरी काही झालं असतं की नाही, कोण जाणे.

तर न्यायाधीशाचं मत दुसऱ्या कागदाच्या बाजूनं झुकलेलं आहे, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. पण फिर्यादीची बाजूही ऐकली पाहिजे. २००९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच वेळी अनेक माध्यमं हाताळायची सवय असलेली माणसं अशा कामांत तरबेज असतील अशी त्यांची अपेक्षा, निघालं उलटंच. बिनकामाची गोष्ट नजरेआड करणं त्यांना इतरांपेक्षा कमी जमत होतं, आणि एका कामावरून दुसऱ्यावर जातानाही ती अडखळत होती. आपल्याकडे अष्टावधानी विद्वानांचं कौतुक झालं ते अशी माणसं हजारांत एक म्हणून. बाकीच्यांसाठी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आहेच.

माझ्या मते गफलत 'दोन' या शब्दात आहे. इतिहासाचा धडा आणि पियानो वाजवणारं मांजर ही दोन कामं. इतिहासाचा धडा आणि शब्दकोश हे एकाच कामाचे दोन कागद. लेजर आणि सहीचं कार्ड, या महिन्याचं वजन आणि मागच्या महिन्याचं, हे एकाच कामाचे दोन कागद. पडद्याला बिचाऱ्याला यातला फरक कळत नाही. तो दोघांनाही सारखीच जागा देतो. म्हणून ती सोयच नको म्हणणं म्हणजे टेबलावर कुणी पत्ते खेळेल या भीतीनं टेबलाची फळी निम्मी कापण्यासारखं आहे. पत्ते बंद करायचे तर त्यालाही उपाय आहेत. आयपॅडवर २०१२ पासून आणि अँड्रॉइडवर २०१४ पासून पडदा एकाच ॲपवर खिळवून ठेवायची सोय आहे, बाहेर पडायला आकडा लागेल अशी ती लावता येते. मोठ्यांना ती सापडत नाही एवढंच. आमच्या घरातही नातीनंच ती बापाला दाखवली!

अडचणी आहेत, नाही असं नाही. मी कादंबरीचं काम टॅब्लेटवर करते, डावीकडे टिपणं, उजवीकडे मसुदा. देवनागरी कळफलक वर आला की खालचा निम्मा पडदा गेला. उरलेल्या पट्टीत दोन्हीकडे चार-चार ओळी. मुठीएवढ्या खोलीत दोन संसार. आठ इंचाच्या खाली तर हे करूच नये. स्वस्त टॅब्लेटवर ही सोय नावाला असते आणि चालवायला गेलं की यंत्र मान टाकतं. म्हणजे ज्याला दुसऱ्या कागदाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला सर्वांत लहान टेबल येतं, हे जव्हार-मोखाड्यात मी दोनदा पाहिलं, चाळीस वर्षांच्या अंतरानं.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी सेविकेला माझा टॅब्लेट दाखवला. तिच्या वहीच्या पानाचा फोटो काढला, तो डाव्या भागात ठेवला, उजवीकडे कोरं पान उघडलं आणि म्हटलं, आता लिही. तिनं डिसेंबरचे आकडे भराभर लिहिले, मध्येच डावीकडे बोट नेऊन सप्टेंबर पाहिला, पुन्हा लिहिलं. मग टॅब्लेट माझ्या हातात देत म्हणाली, "चांगलाय. पण हा वहीसारखाच झाला ना?" मी म्हटलं, हो, वहीसारखाच झाला. दप्तरी काका खाटेवरून ऐकत होते. ते खोकत खोकत म्हणाले, "मॅडम, तुमचं ते कार्डाचं कपाट मी तुमच्या टेबलाला लावून ठिवलं होतं. आठवतं का?" आठवत होतं. त्या जूननंतर, मी न सांगता, एका रविवारी त्यांनी ते कपाट एकट्यानं ओढून आणलं होतं.

खटल्याचा निकाल मी परवा दिला. पडद्याचे दोन भाग करायला परवानगी. मांजराला शाळेच्या दिवशी बंदी. आणि संध्याकाळी आठनंतर फिर्यादीनंही जेवताना एकच पडदा बघावा, म्हणजे ताट. निकाल देताना जव्हारची ती गोष्टही सांगून टाकली. मुलगा काही बोलला नाही. नातीनं मात्र टॅब्लेट बाजूला ठेवला.

"आजी, मग त्या बाईंना बियाणं मिळालं का गं?"

मला ते माहीत नाही. तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा पाऊस लागून दहा दिवस झाले होते. मी तिला चारशे रुपये मोजून दिले, पासबुकावर शिक्का मारला, आणि जाळीतून पुढचं टोकन पुकारलं.